बारावे घर

पाणीपुरवठा खात्यात त्यांना शंकासूर म्हणत. हे नाव ठेवणारा फिटर केव्हाच निवृत्त झाला, पण नाव मागे राहिले. आणि खरे सांगायचे तर ते मापे घेऊन शिवल्यासारखे बसले होते. जमिनीखालच्या नळांची गळती शोधणे हे त्यांचे काम. एका टोकाला लाकडी वाटी बसवलेली लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि ऐकत राहायचे. वाहत्या पाण्याचा आवाज वेगळा, झिरपणाऱ्या पाण्याचा वेगळा. बत्तीस वर्षे त्यांनी माणसांपेक्षा नळांचेच अधिक ऐकले, आणि नळांवरही पुरता विश्वास कधी टाकला नाही.

या कामात त्यांचा एक नियम होता. ज्या घरची गळती शोधायची, त्या घरचे पाणी तोंडाला लावायचे नाही. लोक आग्रहाने तांब्या पुढे करत. हे हात जोडत. "पाणी प्यालो की भीड पडते," ते म्हणत, "आणि भीड पडली की कान खोटं ऐकतो."

घरी मात्र या सावधपणाची झळ दुसऱ्याच कोणाला तरी लागली. त्यांचा सगळा संसार खात्याच्या दोन खोल्यांत झाला. बायकोने धोशा लावला म्हणून त्यांनी विकत घेण्यासाठी अकरा घरे पाहिली आणि अकराही नाकारली. एकाच्या गच्चीचा उतार उलटा होता. दुसऱ्याचा बिल्डर फार गोड बोलत होता. अकराव्यात काही खोड सापडेना. बायकोने ओट्यावर मिक्सर कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवून टाकले होते. तेवढ्यात यांनी भिंतीला कान लावला आणि सांगितले, "आत पाणी झिरपतंय." ते घर दुसऱ्यांनी घेतले. बायको खात्याच्याच खोलीत वारली.

मुलगी आणि जावई परदेशात नऊ वर्षे भाड्याच्या घरात राहत होते. आता तिथेच घर घ्यायचे ठरले, तेव्हा "बाबा, तुम्ही एकदा नजर टाका," असे म्हणून मुलीने त्यांना बोलावून घेतले. ती हे मायेने म्हणाली की वडिलांना टाळता येत नाही म्हणून, याचा त्यांनी विमानात बराच वेळ विचार केला. सळई निवृत्तीच्या दिवशीच खात्यात जमा झाली होती. पण बॅगेत पिण्याचा स्टीलचा पेला होता, आणि भिंत ऐकायला पेलाही पुरतो.

घर विटांचे, बैठे, तीन खोल्यांचे होते. दारापुढे हातभर हिरवळ. दार उघडणारी एजंटबाई एकसारखी हसत होती.

"ही एवढी का हसतेय?" त्यांनी मुलीला विचारले.

"तिचं कामच आहे ते, बाबा."

"घर चांगलं असतं तर हसायची काय गरज?"

आत कोणी राहत नव्हते, सामानही नव्हते. तरीही ताज्या कॉफीचा वास दरवळत होता. रिकाम्या घरात कॉफी कोण पितो? ओलीचा वास दाबायला यापेक्षा सोपा उपाय नाही, हे त्यांनी लगेच ओळखले. जावयाने एक जाडजूड अहवाल त्यांच्या हाती दिला. तिथल्या रिवाजाप्रमाणे घर घेण्याआधी परवानाधारक तपासनीस आणून पायापासून कौलांपर्यंत सगळे तपासून घेतात.

"बत्तीस पानं आहेत, बाबा. कुठेही गळती नाही असं स्पष्ट लिहिलंय."

"बत्तीस पानं म्हणजे लपवायलाही तेवढीच जागा, जावईबापू."

"अहो, पण त्याला आपण नेमलंय. तो आपला माणूस."

"म्हणूनच जरा जपून."

मागच्या खोलीत ते थबकले. एका भिंतीच्या तळाशी हातभर पट्ट्याला रंग नवा होता. मुलीने एजंटबाईला विचारले. तिथे फळी होती, तिची भोके बुजवली, असे उत्तर आले.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले.

"तुमच्या बाबतीत ते कधी मुरत नसतं?" मुलगी म्हणाली. जावयाने हसू दाबले.

त्यांनी पेला काढला, गुडघे टेकले, पेल्याचे तोंड भिंतीला आणि बूड कानाला लावले. खोलीत सगळे गप्प झाले. आवाज होता. बारीक, अखंड, चाळणीतून रवा पडावा तसा. ते उठले.

"झिरपतंय."

मुलगी म्हणाली, "हे बारावं, बाबा."

त्यांनी मान वळवली.

"सहाच्या आत होकार कळवायचाय. दुसरं कुटुंब वाट बघतंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही. उगाच आयुष्यभर त्या भिंतीकडे बघत झोपायचं नाहीये मला. पण एकदा खात्री करून सांगा. आईच्या वेळी सांगितलंत तसं नको."

खात्रीसाठी त्यांनी पेला समोरच्या कोरड्या भिंतीला लावला. तोच आवाज. दाराच्या चौकटीला लावला. तोच. त्यांनी पेला खाली घेतला, तरी आवाज थांबला नाही.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. जरा निवांत झाले की तो येई. कधी शेजारच्या टाकीवर, कधी फ्रीजवर त्यांनी त्याचे खापर फोडले होते. डॉक्टरकडे ते गेले नव्हते आणि मुलीला बोलले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळत्या शोधणाऱ्या माणसाचाच कान गळका निघाला, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

"मीटर कुठे आहे?" त्यांनी विचारले.

मीटर हिरवळीच्या कडेला, लोखंडी झाकणाखाली सापडले. तबकडीवर छोटी, लाल, तिकोनी चकती होती. घरातून थेंबभर पाणी निसटले तरी ती चकती हलते. माणसे बदलतात, मीटर सगळीकडे सारखेच. त्यांनी सगळे नळ बंद करवून घेतले, स्वतः जाऊन एकेक पिळून पाहिला आणि चकतीच्या टोकासमोर काचेवर पेनाने खूण केली.

"अर्धा तास. कोणी हातही धुवायचा नाही."

कशाची वाट पाहतोय ते मुलीने समजावून सांगताच एजंटबाईचे हसू मावळले. आता पकडली गेली हिची चोरी, असे यांना वाटले. पण ती स्कर्ट सावरून त्यांच्या शेजारीच उकिडवी बसली आणि चकतीकडे टक लावून पाहू लागली. काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाली?"

"घरी गेल्यावर स्वतःचं मीटर बघणार आहे. बिल फार येतं म्हणे."

हेही नाटक असू शकते, असे मनात आले. पण मांडी दुखेपर्यंत ती तशीच बसून राहिली, तेव्हा त्यांनी तो विचार बाजूला ठेवला.

अर्ध्या तासाने चकती तसूभरही हललेली नव्हती.

"अडकलं असेल मीटर."

जावई आत गेला आणि त्याने नळ सोडला. चकती भोवऱ्यासारखी फिरली. नळ बंद केला. जागच्या जागी थांबली.

ते हिरवळीवरच बसले. "आवाज अजून येतोय," ते म्हणाले.

"कुठून?"

त्यांनी बोट कानाकडे नेले. मुलगी खाली बसली.

"कधीपासून, बाबा?"

"वर्ष झालं." मग थोड्या वेळाने, "निदान वर्ष. मला कळायला लागल्यापासून."

जावई उगाचच मीटरचे झाकण लावू लागला.

"अकराव्या घराचं मीटर मी बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. "कान होता ना हाताशी."

त्यांच्या पँटला चिकटलेले गवत मुलगी एकेक काडी करून काढत राहिली. साडेपाच वाजून गेले होते.

"मग मी काय करू ते सांगा," ती म्हणाली.

ते पेला घेऊन उठले आणि घरात गेले. मुलगी मागोमाग गेली. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी सोडला, जरा वाहू दिला, पेला भरून खिडकीच्या उजेडात धरला, नाकाजवळ नेला. मग सावकाश, घोटाघोटाने, सगळे पाणी पिऊन टाकले.

त्यांचा नियम मुलीला लहानपणापासून ठाऊक होता. तिने पर्समधून फोन काढला.

"कर फोन," मिशीवरचे पाणी पुसत ते म्हणाले. "पण सही करायच्या आधी त्या कॉफीचं काय ते विचारून घे."