मशीन चालेल अशी गाडी

“चालतानाचं सोडा हो. उभी असताना काय करते, ते सांगा.”

गाडी घ्यायला आलेला माणूस हा प्रश्न विचारतो, हे मी आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं. विचारून झालं की ते चष्मा कपाळावर सारायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मागच्या वर्षी कोथरूड-बाणेरकडच्या शोरूममधून तुम्ही फिरला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा हाफ शर्ट, खिशात मोजायची टेप आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं ऑक्सिजनचं मशीन. दळणाचा डबा न्यावा तसं ते घेऊन यायचे. सेल्समन आधी त्यांना मशीन दुरुस्त करणारा समजायचे.

ते आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायचे. पिंपरीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. बनून आलेला प्रत्येक भाग मोजायचा, चुकलेला बाजूला काढायचा, यात सगळी नोकरी गेली. “मोजून बघू” हे निवृत्तीनंतरही तोंडातून गेलं नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी. “आज अकरा मिनिटं बोललात सेक्रेटरीसाहेब, मुद्दा सातव्या मिनिटाला आला,” असं सभेनंतर सांगायचे. मला रागही यायचा नाही, कारण ते खरं असायचं.

त्यांच्या बायकोची, आमच्या वहिनींची, फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकात नळी, नळी मशीनला, मशीन भिंतीतल्या प्लगला. नळी पोचेल तेवढंच त्यांचं घर. हडपसरला त्यांची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळलेली. एकाच शहराच्या दोन टोकांना दोघी, आणि दीड वर्ष भेट नाही. फोनवर रोज एकमेकींना बघायच्या. फोन ठेवला की वहिनी म्हणायच्या, “एकदा तिच्या केसांना तेल लावून यायचंय मला.” त्यांचं मागणं एवढंच होतं.

एकदा छोटा सिलिंडर घेऊन दोघं जुन्या गाडीतून निघालेही होते. स्वारगेटच्या पुढे वाहतूक तुंबली ती हलेना. सिलिंडरचा काटा खाली येत होता आणि पुढची बस जागेवर उभी होती. कशीबशी गाडी वळवून ते परत आले. त्यानंतर वहिनींनी सिलिंडरवर बाहेर पडायचं नाव घेतलं नाही. पाठीला अडकवायचं छोटं मशीन त्यांना पुरत नव्हतं. मी शहाणपणानं ॲम्ब्युलन्स सुचवली, तर वहिनी दम खात म्हणाल्या, “अहो भाऊजी, मी ॲम्ब्युलन्समधून तिच्या दारात उतरले, तर ती मला बघूनच जाईल.”

म्हणून गाडी. छोटी एसयूव्हीच हवी होती, कारण वहिनींना खाली वाकून बसता येत नव्हतं. सीटची उंची किती हवी, हे त्यांनी घरातल्या खुर्चीवरून मोजून ठेवलं होतं. सोबतीला मी जायचो; तेवढा वेळ वहिनी घरातल्या मोठ्या सिलिंडरवर असायच्या आणि जवळ माझी बायको बसायची.

पहिली पाहिली ती हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. “सर, मायलेज बघा ना, टेन्शनच नाही,” पोरगेलासा सेल्समन म्हणाला. ते एसी लावून उभ्या गाडीत पाऊण तास बसून राहिले. बॅटरी छोटी, त्यामुळे थोड्या थोड्या वेळानं इंजिन आपणहून सुरू व्हायचं. दर वेळी ते खाली उतरायचे, मागं जाऊन वास घ्यायचे आणि मान हलवायचे. शिवाय मशीनचा प्लग लावायला जागाच नव्हती. “आमच्या हिला धूर चालायचा नाही,” एवढंच म्हणाले.

प्लग-इन हायब्रिड त्यांना कागदावर फार आवडली होती. घरी चार्ज करायची, उभी असताना बॅटरीवर, लांब जायचं तर पेट्रोल आहेच. सेल्समन म्हणाला, “सर, छोट्या गाडीत आपल्याकडे ती येतच नाही. मोठ्या, इम्पोर्टेडमध्ये आहे.” ते म्हणाले, “बरं. म्हणजे मला हवी ती सोडून सगळ्या आहेत.”

राहिली इलेक्ट्रिक. एका गाडीत मागच्या बाजूला घरच्यासारखा सॉकेट होता. त्यांनी मशीन लावलं. मशीन घुरघुरू लागलं आणि ते नळीचं टोक स्वतःच्या गालाशी धरून बसले. दुपारभर बसले. शोरूमवाल्यांनी दोनदा चहा दिला. शेवटी बॅटरीचा आकडा बघून ते मोठ्यानं हसले. “अहो, एवढीच उतरली! ही तर हडपसरला जाऊन दिवसभर मुक्काम करेल!” त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

प्रश्न चार्जिंगचा उरला. बाहेरच्या चार्जरवर रांग, आणि दर वेळी वहिनींना एकटं टाकून तिथं बसणार कोण? म्हणजे आपल्याच पार्किंगमध्ये पॉइंट हवा आणि त्याला सोसायटीची परवानगी हवी. त्यांनी अर्ज दिला, सोबत वायर कुठून कशी जाईल याचं सुबक रेखाटन. अर्जात कारण लिहिलं होतं, ‘वैयक्तिक वापरासाठी’. माझ्या आजाराचं नाव पुढं करायचं नाही, असं वहिनींनी बजावलं होतं.

आता जे सांगायचं ते मी टाळत आलोय. त्यांच्या पार्किंगला लागून माझं पार्किंग. माझी नवी पेट्रोल गाडी तिथं उभी असते. कमिटीच्या मीटिंगला तेही येऊन बसले होते. अध्यक्ष म्हणाले, “आणि आग लागली तर?” तीच भीती माझ्याही मनात होती. मी म्हणालो, “आपल्याकडे दिवाळी वर्षातून एकदाच असते, ती तेवढीच राहू द्या.” सगळे हसले. तेही हसले, थोडे उशिरा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. मी कागद सारखे करत बसलो आणि म्हणालो, “तज्ज्ञांचा अहवाल मागवू, मग सर्वसाधारण सभेपुढे ठेवू.”

तज्ज्ञांना पत्र मीच लिहायचं होतं. ते मी तीन आठवड्यांनी लिहिलं. या काळात ते जिन्यात भेटायचे, पण अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले, याची आज लाज वाटते.

पत्राला उत्तर यायच्या आतच एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. “सेक्रेटरीसाहेब, जरा लिफ्ट अडवून ठेवता का? हिला खुर्चीतून खाली न्यायचंय. आक्का गेल्या.”

खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. मी वहिनींकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्या म्हणाल्या, “आता तिकडं घाबरायला कोण आहे, भाऊजी?” त्यांच्या मांडीवर रुमालात बांधलेली तेलाची बाटली होती. फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत ते पुढच्या सीटवर ताठ बसून होते. हडपसरला पोचले तेव्हा आक्कांना नेलेलं होतं.

वहिनी त्यानंतर चार महिने काढू शकल्या. मग ते एकटेच राहिले आणि थोड्याच दिवसांत फ्लॅट विकायला काढला. विक्रीलाही सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. ते अर्ज घेऊन आले, तेव्हा मी त्यांना बसवलं, तिथल्या तिथं पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कुणाला विचारलं नाही, कुठल्या सभेपुढे ठेवलं नाही.

त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि उठले. दारात चपला घालताना म्हणाले, “लवकर झालं.”

मी त्यात टोमणा शोधला. तो नव्हता. त्यांनी फक्त मोजलं होतं.