येरलान, त्यांना सांग

निघालो त्या दिवशी बहरीनला, आमच्या मनामा शहरात, सकाळपासून धुळीचं वारं होतं. आभाळ पिवळं, उन्हाला जोर नाही, आणि बाब अल बहरीनची कमान आमच्या गल्लीच्या तोंडाशी असूनही पुसल्यासारखी दिसत होती. असा दिवस आला की माझ्या मनात एकच येतं, आज किती एसींचे फिल्टर भरणार!

किस्स्यांचंही मला तसंच वाटतं. रोज बसते ती धूळ कोणाला दिसत नाही. चार महिन्यांनी जाळी काढली की हातात गोधडी येते! अल्माटीच्या पाच दिवसांची अशीच गोधडी झाली आहे. सावकाश झटकतो.

आधी माणसं सांगतो. मी बाळाराम शिगवण, गुहागरकडचा. तीस वर्षं बहरीनमध्ये एसी मेकॅनिक. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं हातांनी शिकलो. बिल्डिंगमध्ये मला मामा म्हणतात. माझ्या शेजारच्या दारात एकोणीस वर्षं कांबळे. ते मिरजेचे, सित्राला एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. प्रेशर मोजायची, टेम्परेचर मोजायची यंत्रं सांभाळायचं काम. त्यामुळे माणूसही मोजूनमापून. चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करतात! मी पहिल्यापासून सावकाश, ते पहिल्यापासून घाईचे. रोज जिन्यात एकच अरबी हाक, "यल्ला, शिगवण, यल्ला!" म्हणजे चला, लवकर चला.

तर गेल्या ऑगस्टात कांबळ्यांचा एसी बंद पडला. मी हत्यारांची पिशवी घेऊन दार उघडलं, तर जिन्यात दुसराच मेकॅनिक! खांद्यावर शिडी घेऊन गच्चीवर चाललेला. एकोणीस वर्षं त्या एसीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. मी पिशवी आत ठेवली, दार लावलं आणि बोलणं बंद केलं. त्यांनीही विचारलं नाही. अबोला सुरू.

आता कांबळे रिटायर झालेले. व्हिसा कॅन्सल व्हायचा, आणि ईदनंतर दोन आठवड्यांत कायमचे मिरजेला. म्हणजे बोलायचं तर दिवस मोजकेच. पण आधी कोणी बोलायचं?

*

खालच्या मजल्यावरच्या सावंत वहिनी एका ऑफिसात आहेत, आणि बिल्डिंगच्या सगळ्या सहली त्याच ठरवतात. ईदच्या सुट्टीत अल्माटी, डोंगर, बर्फ! त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. कांबळ्यांना विचारलं, तेही हो म्हणाले. एकाला दुसऱ्याचं सांगायचं मात्र त्या "विसरल्या".

एअरपोर्टवर तपासणीच्या रांगेत मी पुढे, मागे वहिनी आणि त्यांची मुलगी, त्यांच्या मागे कांबळे.

"वहिनी," मागून आवाज आला, "काही लोकांना सांगा, कमरेचा पट्टा ट्रेमध्ये ठेवायचा असतो. तीस वर्षं विमानानं जातात, अजून मशीन वाजल्यावरच आठवतं."

मी म्हटलं, "वहिनी, काही लोकांना सांगा, पट्टा माझा आहे. मशीन त्यांचं नाही."

वहिनी दोन्हीकडे मान हलवत राहिल्या. मुलगी नववीत, मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच. ती म्हणाली, "मम्मा, व्हाय डोन्ट दे जस्ट टॉक?"

"गप गं. मोठ्यांचं चाललंय."

एवढ्यात मशीन वाजलं. पट्टा माझ्या कमरेलाच होता!

*

हॉटेलात पोचलो. वहिनी काउंटरवरून दोन किल्ल्या घेऊन आल्या. एक त्यांची, मायलेकींची. दुसरी आमच्या दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवली.

"ट्विन शेअरिंग आहे," म्हणाल्या. "पॅकेजच तसं हो! मी काय करू?"

आता काउंटरवरच्या पोरीनं प्रत्येकाला एकेक फॉर्म दिला. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. बहरीनमधले माझे सगळे फॉर्म, व्हिसाचे, रेसिडेंट कार्डाचे, बँकेचे, एकोणीस वर्षं कांबळ्यांनीच भरले. गेले सात महिने मी टायपिंग सेंटरला जात होतो. इथे कुठे सेंटर शोधू? फॉर्म उलटा की सुलटा तेही कळेना, नुसता धरून उभा राहिलो.

कांबळे आले. माझ्या हातातला पासपोर्ट काढून घेतला, फॉर्म घेतला, उभ्या उभ्या भरला, पासपोर्ट परत माझ्या हातात ठेवला. एक शब्द नाही! चेहरा असा, जणू भिंतीवरचं मीटर वाचून चाललेत.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी काउंटरवर तो फॉर्म पाहिला. नाश्त्याला हसत आल्या.

"मामा, तुम्ही इंजिनीअर कधी झालात?"

"मी?"

"धंद्याच्या रकान्यात एसी इंजिनीअर लिहिलंय!"

मी कांबळ्यांकडे पाहिलं नाही. कांबळे अंड्याला म्हणाले, "रकाना मोकळा होता. काहीतरी भरायला पाहिजे म्हणून भरलं."

*

खोलीचा किस्सा राहिला. खोलीत शिरल्यावर माझी नजर आधी वर जाते, हे काही मुद्दाम नाही, सवय. चारी भिंती पाहिल्या. एसी नाही! खिडकीत नाही, छताला नाही. बाहेर बर्फाचे ढीग, आणि आत भट्टी! खिडकीखाली लोखंडी पाइप होते, त्यात गरम पाणी फिरत होतं. आम्ही दोघं गल्फमधली माणसं, आयुष्यात पहिल्यांदा बर्फाच्या गावाला आलो आणि बनियनवर घाम पुसत बसलो!

मला वाटलं, फसवलं. खाली गेलो, काउंटरवरच्या पोरीला हातानं वारा घालून दाखवला. ती वर आली, खिडकीची कडी फिरवली, खिडकी उघडली आणि गेली. असा गार झोत आला की कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, आवाज नाही! नवा दोन टनाचा लावला तरी एवढं देणार नाही.

कांबळे चहाच्या किटलीला म्हणाले, "या गावात काही लोकांचा धंदा चालायचा नाही."

मी पडद्याला म्हटलं, "काही लोकांना इथेसुद्धा बाहेरचा मेकॅनिक मिळेल."

किटलीनं उत्तर दिलं नाही. ती उकळत राहिली.

*

बाजाराचं सांगतो. आम्हा गल्फवाल्यांची एक खोड आहे. परदेशी माणूस दिसला की तोंडातून आपोआप अरबीच येतं. वहिनींनी सुक्या जर्दाळूंचा भाव ऐकला आणि म्हणाल्या, "खलास? लास्ट?" विकणारी आजी डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, गाल सफरचंदासारखे. तिला काही कळेना.

कांबळे पुढे झाले. "वहिनी, थांबा, मी समजावतो." आणि आजीला अरबीतच म्हणाले, पण मोठ्यानं! मोठ्यानं म्हटलं की कळतं, असा त्यांचा हिशेब.

आजीनं शांतपणे एक पांढरी गोळी उचलली आणि कांबळ्यांच्या तोंडात घातली. कांबळ्यांना वाटलं पेढा. ती निघाली दह्याची वाळवलेली खारट गोळी, दगडासारखी! ना चावता येईना, ना आजीसमोर थुंकता येईना. अर्धा तास बाजारात शांतता होती.

मी वहिनींना म्हटलं, "ही गोळी बहरीनला न्यायला पाहिजे."

*

आता येरलान. येरलान आमच्या गाडीचा ड्रायव्हर. पस्तिशीचा, रुंद चेहरा, डोळे हसरे. त्याला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजीचे दहा शब्द. आम्ही काहीही बोललो की म्हणायचा, "जाक्सी, जाक्सी." म्हणजे छान, छान.

तिसऱ्या दिवशी वहिनी कंटाळल्या. "आजपासून माझ्यामार्फत निरोप बंद! माझं डोकं दुखतंय." असं म्हणून मुलीला घेऊन सगळ्यात मागे जाऊन बसल्या आणि कानात गाणी घातली. मी ड्रायव्हरशेजारी. कांबळे मधल्या सीटवर. गाडी डोंगराला लागली, काचेतून वारं येत होतं, आणि कांबळे उघड्या कानांनी बसलेले. त्यांना सर्दीचा त्रास, हे मला माहीत. सांगणार कसं?

मी म्हटलं, "येरलान, मागच्या साहेबांना सांग, मफलर कानाला गुंडाळा."

खरं सांगतो, शुद्ध मराठीत! येरलाननं माझ्याकडे पाहिलं, आरशात कांबळ्यांकडे पाहिलं आणि त्याच्या भाषेत त्यांना लांबलचक काहीतरी सांगितलं. कांबळ्यांनी मफलर गुंडाळला!

मग म्हणाले, "येरलान, त्यांना सांग, मला कळतं."

"जाक्सी, जाक्सी," येरलान मला म्हणाला.

तिथून पुढे सगळा कारभार येरलानवर. "येरलान, त्यांना सांग, गोळी घेतली का बीपीची." "येरलान, त्यांना सांग, घेतली." "येरलान, त्यांना सांग, पाणी कमी प्या, वर बाथरूम लांब आहे." येरलान गाडी वळवता वळवता निरोप पोचवायचा. काय सांगायचा देव जाणे! पण पोचत होते.

*

रोपवेनं वर गेलो. येरलानही आला, माझा दुखरा गुडघा बघून त्यानं माझा दंड धरला होता. वर सगळं पांढरं. मी तीस वर्षं लोकांच्या बेडरूममध्ये गारवा सोडला, पण एवढा एकदम कधी पाहिला नव्हता. ग्लोव्हज काढला आणि तळहात बर्फावर ठेवला. कॉइलवर ठेवतो तसा.

"येरलान," मी म्हटलं, "मायनस चार."

"येरलान, त्यांना सांग, हातानं टेम्परेचर कळत नसतं," असं म्हणून कांबळ्यांनी खिशातून थर्मामीटर काढला! कंपनीतून निरोपाच्या दिवशी भेट मिळालेला, पितळी डबीतला. सहलीला माणूस खाऊ नेतो, यांनी थर्मामीटर आणलेला! बर्फात खोचला. पाच मिनिटं घड्याळ लावून उभे. वहिनी, मुलगी, येरलान, सगळे गोल करून वाकलेले. माझं काळीज धडधडत होतं, का तर थर्मामीटरसाठी!

कांबळ्यांनी तो उपसला. डोळ्याजवळ नेला. चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. कोणाला दाखवला नाही. पुसून डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली.

"किती हो?" वहिनींनी विचारलं.

कांबळे म्हणाले, "येरलान, त्यांना सांग, थर्मामीटर जुना झालाय."

*

उतरताना गाडीपर्यंत थोडं चालायचं होतं. वाट बर्फानं घोटून काचेसारखी झालेली. मी एकेक पाऊल टाकत होतो, येरलान मध्ये, आणि येरलानच्या पलीकडे कांबळे. ते कधीच पुढे गेले असते, पण रेंगाळत होते.

मग त्यांनी येरलानचा हातच धरला. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"येरलान, तुला एक सांगतो. गेल्या ऑगस्टात दुपारी आमच्या गच्चीवर अठ्ठेचाळीस डिग्री होतं. मी स्वतः वर जाऊन मोजलं. आणि त्याच आठवड्यात एक माणूस जिना चढताना दर मजल्याला कठडा धरून थांबत होता. मी दाराच्या भोकातून बघत होतो. त्याला वर पाठवायचा का मी? पाठवला नसता, तर ऐकलं असतं का त्यानं? म्हणून बाहेरचा बोलावला."

येरलान गंभीर झाला. आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून, मान हलवत, हळूच म्हणाला, "जाक्सी."

माझ्या नाकाला थंडीनं पाणी आलं होतं. ते पुसून मी म्हटलं, "येरलान, त्यांना सांग, एकदा सांगायचं तरी."

"जाक्सी, जाक्सी."

परतीच्या दिवशी एअरपोर्टवर सोडताना येरलाननं आम्हा दोघांना एकदमच मिठी मारली. त्यामुळे आमचे खांदे एकमेकांना लागले, पण ते त्याच्यामुळे.

*

बहरीनला आलो. येरलान राहिला तिकडे, त्यामुळे बोलणं पुन्हा बंद! कांबळ्यांकडून दोरी ओढल्याचे, खोक्यांना टेप लावल्याचे आवाज येत होते. मी ऐकत होतो. त्यांच्या विमानाला चार दिवस राहिले.

त्या सकाळी हवा चांगली होती. खिडकीतून समुद्राकडचं वारं येत होतं, बिल्डिंगमध्ये एकाचाही एसी चालू नव्हता. दार वाजलं. उघडलं तर कांबळे. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. माझ्या दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "एसी चालू होत नाही."

मी पिशवी घेतली आणि त्यांच्या मागे गेलो. घर रिकामं. भिंतीला लागून खोकी, प्रत्येकावर जाड अक्षरात मिरज. भिंतीवर फक्त तो एसी. घरमालकाचा, इथेच राहणारा.

स्टुलावर चढून पुढचं झाकण काढलं. फिल्टर ओला होता. नुकताच धुतलेला. खाली उतरलो, पडद्यामागे पाहिलं. तिथलं एसीचं बटण बंद होतं.

मी पडदा होता तसा ओढला. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि एसीचा पहिला स्क्रू ढिला करायला घेतला.

कांबळ्यांनी घरात उरलेली एकुलती एक खुर्ची उचलली, माझ्याजवळ आणून ठेवली आणि म्हणाले, "बसून करा, शिगवण. सावकाश होऊ द्या. मला काही घाई नाही."