रांजणावर चालणारा कॉम्प्युटर

नागपूरच्या मे महिन्यात माणसं दुपारी काय करतात, असं एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, "काही करत नाहीत. म्हणूनच जूनपर्यंत टिकतात." पाहुणा हसला. मग दुपारी पान खायला म्हणून बाहेर पडला आणि पाच मिनिटांत न हसता परत आला.

एवढी साधी गोष्ट माझ्या कॉम्प्युटरला मात्र शिकवता येत नव्हती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीच्या एका गल्लीत, पहिल्या माळ्यावरच्या टिनाच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. क्लास म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, सहा खुर्च्या आणि मी. पडद्यावरची हिरवी अक्षरं बघायला पोट्टे चपला बाहेर काढून, हात जोडल्यासारखे आत यायचे. एक बॅच सकाळी, एक संध्याकाळी. दुपारी कुलूप, कारण बारा वाजले की वरचे टिन असे तापायचे की टेबलावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. त्या वेळी कॉम्प्युटर लावला तर तास-दीड तासात पडदा जागीच थिजायचा. मग कितीही बटणं दाबा, म्हशीसारखा ढिम्म.

अशा एका दुपारी, मी कुलूप लावत असताना, एक बाई जिना चढून आल्या. वय चाळिशीच्या आसपास, हातात कापडी पिशवी. त्या जवळ येताच मला तीन शिंका आल्या.

"मिरचीच्या आहेत," त्या म्हणाल्या. मला वाटलं शिंकांविषयी बोलतायत. त्या पिशवीतल्या नोंदींविषयी बोलत होत्या.

बाई मूळच्या भिवापूरकडच्या, शेतकरी घरातल्या. नागपुरात एका कॉलेजात शिकवत होत्या. गावच्या मिरचीच्या वेगवेगळ्या वाणांवर त्यांचा प्रबंध चालला होता. कुठलं वाण कमी पाण्यात तग धरतं, कुठलं रंग टिकवतं, याचे आकडे त्यांनी स्वतः वावरात उभं राहून गोळा केलेले. मधली काही वर्षं सासूबाईंच्या दुखण्यात गेली. मुदत एकदा वाढवून झाली होती. आता महिनाअखेरीला प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रकरण, आणि त्यातलं गणित हातानं करायचं तर दुसरा जन्म लागला असता.

"भाऊ, दुपारी तुमची मशीन रिकामी राहते म्हणतात. मले द्याल का?"

मी टिनाकडे बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं आणि पदरानं कपाळ पुसून खुर्चीवर बसल्या. उठायचा विचार दिसेना.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरुवात केली. आकडे भरून झाले, पण ते गणित करणारा प्रोग्रॅम त्यांच्या ओळखीतल्या कोणाकडून आणलेला, आणि त्याला मध्ये थांबणं ठाऊक नव्हतं. एकदा निघाला की अख्खी दुपार एका दमात धावणार, आणि धाव पुरी झाल्यावरच उत्तर देणार. आमचा कॉम्प्युटर वाटेतच आडवा व्हायचा. असं झालं की बाई उठायच्या. कागद पिशवीत भरायच्या, "उद्या पाहू" म्हणायच्या आणि त्या उन्हात जिना उतरायच्या. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री का नाही, असं तुम्ही विचाराल. उत्तर आमच्या घरमालकीणबाई. त्या खाली राहायच्या. साठीच्या, उंचपुऱ्या, आवाज असा की बर्डीवर कुजबुजल्या तर धंतोलीत ऐकू जावं. रात्री नऊच्या ठोक्याला त्या स्वतःच्या हातानं वरच्या माळ्याचा मेन स्विच पाडायच्या. विजेनं आग लागते यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. एसीचं नाव काढलं तेव्हा म्हणाल्या, "त्या वायरीवर तुहा बल्ब जळते, हेच नशीब समज."

मग मी नागपूरकराला जन्मतः येणारा उपाय केला: कूलर लावला. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, पंप, पंखा. मी आणि बाई सुखावलो. प्रिंटरचा कागद मात्र ओल्या चपातीसारखा लोंबायला लागला आणि फ्लॉप्यांनी असहकार पुकारला. यंत्राला गारवा हवा होता, ओल नको होती.

आणि इथे, वाचकहो, माझ्या आयुष्यातला एकमेव शोध लागला. म्हटलं, पाणी यंत्राच्या जवळ जावं, पण त्याला शिवू नये, सोवळ्यातल्यासारखं! फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या भंगारातून तांब्याची बारीक नळी आणली. ती जिलबीसारखी वळवून एका लाकडी चौकटीत बसवली. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं, मागे ती जिलबी, जिलबीच्या मागे टेबलफॅन. बाहेर गॅलरीत सावलीला मातीचा रांजण, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, आत कूलरचा पंप. पंपातून रबरी नळीनं गार पाणी जिलबीत जायचं, फिरून परत रांजणात. पंख्याचा वारा जिलबीतून गाळून यंत्रावर जायचा, कोरडा आणि गार.

पहिल्या दिवशी मी पंपाचं बटण असं दाबलं, जणू मागे सनई वाजतेय. नळीनं एक झटका दिला, जिलबीला घाम फुटला नाही, यंत्रही थिजलं नाही. बाईंनी पंख्यासमोर हात धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, हे तं आमच्या वावरातल्या विहिरीवरून वारं आल्यावानी लागून राहिलं." मला कोणी पदक दिलं नाही, पण मी ते तिथेच गळ्यात घातलं.

तीनच्या सुमाराला यंत्र पुन्हा थिजलं.

बाहेर गेलो तर रांजण तळाला गेलेला, पंप हवा ओढत खरखरतोय, आणि रांजणापाशी शेजारच्या टेलरकडे कपडे टाकायला आलेला एक इसम मिशीवरचं पाणी पुसत उभा. "लय गार हाय, साहेब," म्हणाला आणि आशीर्वाद देऊन गेला. त्याच्या आधी कोण कोण पिऊन गेलं, देव जाणे. नागपुरात मे महिन्यात सावलीला रांजण दिसला तर तो कोणाचा, असं कोणी विचारत नाही.

मी पाटी लावली: "हे पाणी यंत्राचे आहे. पिऊ नये." मिनिटभरात घरमालकीणबाई जिना चढून आल्या.

"काहून गा मास्तर, पाण्यावर पाटी?"

"मावशी, ते पाणी कॉम्प्युटरसाठी आहे."

"कॉम्प्युटरले तहान लागते, अन् माणसाले नाई लागत? माह्या माळ्यावरून कोणी कोरड्या तोंडानं गेला तं मी वर काय सांगू?" त्यांनी पाटी उपटली, घडी घालून कमरेला खोचली. "लाव ना दुसरा रांजण. बापाचं काय जाते?"

वीज द्यायला कंजूष, पाणी द्यायला कर्ण, अशा त्या होत्या. मी मुकाट्यानं दुसरा रांजण आणला. एक लोकांचा, एक यंत्राचा. लोकांच्या रांजणावर ओगराळं ठेवलं, यंत्राच्या रांजणावर पंपाची वायर बाहेर काढून लाकडी झाकण. मावशींनी दोन्ही पाहिले आणि "आता कसं" म्हणाल्या.

तोवर मुदतीला दोनच दिवस उरले होते, आज आणि उद्या. बाईंनी सकाळीच कॉलेजातून सुट्टी घेतली. उत्तर हाती आलं की शेवटचं पान टाइप करायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा. म्हणजे आजची दुपार गेली की सगळंच गेलं. दुपारी प्रोग्रॅम निघाला. पंप गुणगुणत होता, गॅलरीतून वाळ्याचा मंद वास येत होता. मी तो छातीभर घेतला आणि मनात म्हटलं, व्वा, काय वातावरण आहे. हा वास कुठून येतोय, हा प्रश्न मला पडला नाही. मी भैताडासारखा वास घेत बसलो.

निम्मं अंतर गेलं असेल-नसेल, पंपाचा आवाज बदलला. नळीतलं पाणी थांबलं. मी बाहेर धावलो, झाकण काढलं. यंत्राच्या रांजणात वाळ्याची चांगली जाडजूड जुडी डुंबत होती, आणि तिचे केसासारखे धागे पंपात शिरून गुंतले होते. मी बोंबललो. मावशी वर आल्या.

"मावशी, यात वाळा कोणी टाकला?"

"मीनं. दोन्हीत टाकला. उन्हाळ्याचं बिनवाळ्याचं पाणी ठेवतात काय कोणाच्या दारात?"

"अहो, पण हा यंत्राचा!"

"मंग? त्यानं काय पाप केलं?"

मी पंप बाहेर काढला. पंप जळाला होता. धागे ओढले तर आतलं चाक फिरेना. आतून बाई म्हणाल्या, "भाऊ, अजून चालू आहे." आवाज अगदी हळू, झोपलेल्या लेकराजवळ बोलावं तसा. खोली तापत होती. बाई पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक त्यांनी मुठीत असं पिळून धरलं होतं की मावशींचं तिकडे लक्ष गेलं.

"तिचं काय आहे त्या डब्यात?" त्यांनी मला विचारलं.

मी दोन वाक्यांत सांगितलं. मावशींनी जळक्या पंपाकडे पाहिलं, वर टिनाच्या आड्याकडे पाहिलं. "मंग पंप कायले पाहिजे? महादेवाच्या पिंडीवर उन्हाळाभर गळती लावतो आम्ही. तिथं कुठं पंप असते?"

त्या खाली गेल्या आणि देवघरातलं तांब्याचं गळतीचं भांडं घेऊन वर आल्या, बुडाला भोक असलेलं. ते दोरीनं आड्याला टांगलं. भोकात मी रबरी नळी घुसवली, चिंध्यांनी आवळली. दुसरं टोक जिलबीला, आणि जिलबीतून निघालेली नळी खाली बादलीत. मावशींनी लोकांच्या रांजणातून तांब्या भरला आणि हात उंच करून ओतला. नळीत एक बुडबुडा सरकला, मग पाणी चालू लागलं. पंख्याचा वारा पुन्हा गार लागला.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. मावशी भांड्याखाली उभ्या, मी रांजण ते मावशी अशा फेऱ्या मारतोय, बाई भरलेली बादली उचलून रांजणात रिकामी करतायत आणि दर वेळी पडद्याकडे नजर टाकतायत. टेलरकडे आलेला एक जण पाणी प्यायला डोकावला, आतला प्रकार पाहिला आणि पाणी न पिताच निघून गेला. मावशी ओतता ओतता तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान दिला तर मंत्रच चालला होता.

"मावशी, हे यंत्र आहे."

"तू तांब्या भर."

संध्याकाळची बॅच जिन्यावर जमली. आतून मावशी गरजल्या, "खालीच बसा रे पोट्टेहो! अंदर काम चालू आहे!" एकही पोट्टा वर आला नाही.

आणि मग पडद्यावरचे आकडे सरकायचे थांबले. मला वाटलं, थिजलं. बाई बादली तशीच धरून उभ्या. पण खाली उत्तराची ओळ आली होती. मी प्रिंटर चालू केला आणि तो आयुष्यात पहिल्यांदा मला कर्कश वाटला नाही.

कागद बाहेर आला. बाईंचे हात कोपरापर्यंत ओले, मेंदी काढल्यासारखे त्यांनी ते दूर धरले आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच धरा." मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्या वाचत गेल्या, ओळीमागून ओळ. मध्येच ओठ हलले, एकदा मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "जमलं," आणि खुर्चीत बसून हुंदके द्यायला लागल्या. उद्या प्रबंध देता येणार होता.

मी मावशींना म्हटलं, "मावशी, झालं. थांबा आता."

मावशी ओततच होत्या. "तू थांब," म्हणाल्या. "इतका वेळ उन्हात पळाला बिचारा. एकदम थांबवतात काय कोणाले? भर तांब्या."

मी तांब्या भरला.