जमिनीखालच्या हळदीला आगीचा विमा

सांगलीच्या पेठेतल्या मंडळींनो, आज दुपारी घडलेलं लगेच लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे.

माझे थोरले बंधू दादा यांना जाऊन महिना झाला. हळदीचं दुकान आता मी आणि वहिनी पाहतो. महायुद्ध संपलं त्या साली दादांनी विमा उतरवला आणि त्याचा कागद देव्हाऱ्यात ठेवला. दर लक्ष्मीपूजनाला आम्ही त्यावर हळदकुंकू वाहत असू. मला इंग्रजी येतं, पण पूजेतला कागद वाचून पाहावा असं कधी सुचलं नाही.

आज विमा एजंट वर्षाचा हप्ता घ्यायला आले, म्हणून तो उघडला. विमा आगीचा निघाला, तोही फक्त दुकानात असलेल्या मालाचा.

"माल कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

"हरिपूरच्या पेवात. नदीकाठी, जमिनीखाली."

वहिनी दारातून म्हणाल्या, "आवं, जमिनीखाली आग कशी लागायची? तितं भ्या पाण्याचं!"

एजंट हसले. मीही हसलो, महिन्याभरात पहिल्यांदाच.

मग मी विचारतच गेलो. आगीचा विमा वेगळा, चोरीचा वेगळा, रेल्वेने जाणाऱ्या मालाचा वेगळा. पुराचं मात्र त्यांनाही सांगता येईना. पाऊस तोंडावर आहे आणि आमची सगळी हळद त्या एका पेवात आहे. निम्मी उद्याच दुकानात आणतो.

दादांनी आगच का निवडली, हे विचारायचं राहून गेलं. म्हणून तुम्हाला विचारतो: पेवातल्या मालाला पाण्याचा विमा कुणाला मिळाला आहे का?