मशीनसोबत आलेले काका

त्या कॉपियर कंपनीने मला फसवलं. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या माझ्या प्रिंटिंगच्या दुकानासाठी मला नुसतं मशीन हवं होतं. मी घासाघीस केली, टेबलावर हात आपटला, पण सेल्समन एकच म्हणत राहिला, “मशीन आणि सर्व्हिस एकत्रच मिळतं.”

सर्व्हिसला दर मंगळवारी एक मराठी काका यायचे. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. गुडघे टेकून आधी मशीनला कान लावायचे, मगच हत्यारांची पेटी उघडायचे.

मशीन सारखं बिघडायचं, म्हणून भांडून मी ते परत पाठवलं. पुढच्या मंगळवारी काका आले आणि रिकाम्या कोपऱ्यापुढे गुडघे टेकून कान लावून बसले.

“काका, मशीन नेलं तुमच्या लोकांनी.”

“माहीत आहे. पण सर्व्हिस वेगळी काढता येत नाही. हात लावून बघा, फार तापलंय.”

मी चिडून त्या रिकाम्या जागेत हात घातला. बोटं पोळली.

कंपनीला फोन केला, तर म्हणे, आम्ही तुमच्याकडे कधी कोणाला पाठवलंच नाही. काका मात्र अजून येतात. त्या सेल्समनने मंगळवारी स्वतः यावं, त्या कोपऱ्यात हात घालावा आणि मला काय विकलं ते सांगावं.