आत्याबाईंचे तोडे

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, साऱ्या लोहाऱ्यात गळ्यासाठी ओळखल्या जातात. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायकांच्या मेळ्यात त्या पुढं बसतात. आमच्याकडची रीत अशी, की कवड्यांची माळ गळ्यात घालून गाणं उचललं की ते संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. त्याच आत्याबाई एकदा मध्येच उठून मोरीकडं पळाल्या. पुढच्या खेपेला मोरीपर्यंत पोचल्याच नाहीत, लुगडं भिजलं. मग गळा बसलाय असं सांगून त्यांनी माळ देव्हाऱ्यात ठेवून दिली आणि घरात गाणं बंद झालं.

खरं कारण मला एकटीला माहीत, कारण धुणं माझ्याकडं. गल्लीतल्या बायका बिचाऱ्या गळ्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा आणायच्या. सगळ्यात जास्त शेजारीण. तांब्या भरून आणायची आणि समोर बसून संपवायला लावायची. काढा पोटात गेला की आत्याबाईंच्या मोरीकडं खेपा सुरू. मला हसू यायचं आणि संतापही यायचा. शेवटी मीच तोंड उघडलं. "आत्याबाई, गळ्याचं सोंग पुरं झालं. सोलापूरला चला."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. मूत्राशय नको तेव्हा आवळतंय म्हणाल्या आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंडाला अशी कोरड पडली, की गळा खरोखर बसायची वेळ आली. मग त्यांनी करंटचं सांगितलं. एक यंत्र कमरेखाली कातडीच्या आत बसवतात. त्याचा खर्च ऐकून माझे मालक म्हणाले, तेवढ्यात रानात विहीर होईल. दुसरा उपाय त्यामानानं स्वस्त होता. घोट्यापाशी बारीक सुई टोचून तिथल्या नसेला अर्धा तास हलका करंट द्यायचा, दर आठवड्याला, तीन महिने. ती नस म्हणे वर मूत्राशयाच्या नसांना जाऊन मिळते. पण दर खेपेची फी, एसटीचं तिकीट आणि माझी बुडणारी शिलाई धरली, तर हेही आम्हाला जडच होतं. वर गुण येईलच याची हमी नाही.

आणि सुई टोचायची नेमकी तिथंच आत्याबाईंचे चांदीचे तोडे. लग्नात घातलेले, घोट्यात रुतलेले. मालक म्हैस विकायचं बोलू लागले. सकाळी आत्याबाई सोनाराकडं गेल्या, पाय पुढं करून तोडे कापून घेतले आणि तिथंच मोडले. घरी येऊन पैसे माझ्या पदरात टाकले.

"तसं बी काढायचंच हुतं. पायातली चांदी पायालाच लागू दे. म्हशीला हात लावायचा न्हाय."

पहिल्या काही खेपांना काडीचा फरक पडला नाही. चांदी पाण्यात गेली असं मला वाटायला लागलं. एसटी नळदुर्गला थांबली की मी पिशवी सांभाळायची आणि त्यांनी धावत उतरायचं, हे ठरलेलं. एका खेपेला मी सवयीनं उठले, तर या आपल्या खिडकीशी बसून शेंगा फोडत होत्या. मला म्हणाल्या, बस गं, सोलापूरलाच उतरू. मला तिथंच रडू आलं. पुरतं बरं झालंय असं डॉक्टरीणबाई आजही म्हणत नाहीत, अधूनमधून सुई घ्यावी लागते. पण आता मोरीपर्यंत पोचायला वेळ मिळतो.

नवरात्रात आत्याबाईंनी माळ काढली. गाणं उचलण्याआधी साऱ्या मेळ्यासमोर म्हणाल्या, "माझ्या गळ्याला काय बी झालं नव्हतं. लघवी थांबत नव्हती. पायाला करंट घेतला, आता थांबती."

बायका खाली बघायला लागल्या. मी मात्र मान ताठ करून बघत होते. अशी सासू पंचक्रोशीत कुणाला नसेल. मग त्यांनी गाणं उचललं आणि शेवटच्या ओळीपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

गाणं संपलं तशी काढा आणणारी शेजारीण सरकत त्यांच्याजवळ आली. त्यांच्या मोकळ्या घोट्यावर बोट ठेवून तिनं हळूच विचारलं, "इथंच टोचत्यात का, अक्का?"

आत्याबाईंनी पाय तिच्यापुढं केला.