माझ्या आभाळातलं सहर्ष स्वागत

आमच्या कोरेगावकडच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणजे पगारी रंगारी. नोकरीत मी एवढी 'सुस्वागतम्' लिहिलीत की एकापुढे एक मांडली तर शिरोरेघ थेट सांगलीला टेकेल, वर काना-मात्रा उरतील ते वेगळंच. शिकवायला आठवड्याचा एक तास, तोही गणितवाले उसना नेतात. नेला नाही तर मी पोरांना मैदानात बसवतो. "पेन्सिल खाली. आधी समोरचा डोंगर बघा." पोरं त्याला 'सरांचा झोपायचा तास' म्हणतात.

तोच डोंगर मी स्वतः आठ महिने रंगवत होतो. खाली बोटभर डोंगर आणि वर हातभर आभाळ, नुसतं. आभाळाचे थर देऊन देऊन कॅनव्हास रेडकाएवढा जड झाला होता. सांगलीच्या प्रदर्शनाला चित्र द्यायचा शेवटचा दिवस आला, मुदत संध्याकाळी पाचची. नेमकं त्याच दिवशी आमचं स्नेहसंमेलन.

सकाळी चित्र घ्यायला गेलो तर शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीतली भिंत मोकळी. चित्र शाळेच्या फाटकावर टांगलेलं! माझ्या आभाळात लाल ऑइलपेंटनं टपोरं 'सहर्ष स्वागत'. खाली माझी नववीतली विद्यार्थिनी ब्रश पुसत उभी.

"सर, बरं आलंय का? फ्लेक्सवाला आलाच न्हाई. हेडसर म्हणाले, हितं एवढी जागा रिकामीच हाय."

शिवी ओठांवर आली होती. पण अक्षर बघितलं आणि तोंड मिटलं. वळण मी शिकवलेलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याहून सरस.

मुख्याध्यापकांनी वर पाठ थोपटली. "सर, कला शेवटी उपयोगी पडली बघा!"

पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं की पुढच्या रांगेतल्या पोरांना मिसरूड फुटलं. ते गाडीत बसले तसं मी चित्र उतरवलं आणि एसटी गाठली. पाचला पाच कमी असताना सांगलीत टेबलापुढे हजर.

टेबलामागच्या माणसानं चित्र जवळ ओढलं. "लय झ्याक! सुलेखनात घेतो की."

"अहो, अक्षरं माझी नाहीत. माझ्या विद्यार्थिनीची आहेत."

"मग तुमचं काय हाय ह्यात?"

"मागचं आभाळ."

"बॅकग्राउंड व्हय! त्याला आमच्याकडं विभाग न्हाई, सर."

फॉर्मवर त्या विद्यार्थिनीचं नाव लिहिलं. खोटं मी फक्त तोंडी बोलतो, कागदावर नाही. मग रिकाम्या हातानं परतलो.

रविवारी नवा कॅनव्हास ताणला. या खेपेला डोंगर पार वरच्या कडेपर्यंत चढवला, आभाळ ठेवलंच नाही. कुणाला एक वेलांटी टेकवायलासुद्धा जागा मिळू नये. तीन तासांत चित्र पुरं झालं. इतकं भिकार चित्र मी आजवर काढलेलं नाही.